मुक्कामी ड्यूटी असते, पोराचा अभ्यास घ्यायचा कसा?

मुक्कामी_गाडी

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मी एसटीत वाहक आहे, राहायला संगमनेरला. आठवड्यातले तीन-चार दिवस मुक्कामी गाडीवर असतो. म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन डोंगराकडच्या गावाला जायचं, रात्री तिथंच झोपायचं आणि पहाटे दूधवाले, कॉलेजची पोरं घेऊन परत यायचं. मी बारावी झालोय. बायको आठवीपर्यंत शिकलेली, घरी शिवणकाम करते, ब्लाऊज आणि पिको-फॉल.

मुलगा तिसरीला, इंग्रजी माध्यमात. मागच्या शनिवारी पालक सभा होती. ड्यूटी बदलून घेऊन गेलो. वर्गशिक्षिका समोर आठ-दहा पालक बसलेले असताना म्हणाल्या, "तुमचं घरून काहीच लक्ष नाही. डायरीवर सही तेवढी असते." खोटं नाही म्हणत मी. सही असतेच. कधी माझी, कधी बायकोची. वर इंग्रजीत काय लिहिलंय ते बायकोला कळत नाही आणि मला अर्धं कळतं, पण सही ठोकून मोकळं. सहाशे रुपये महिन्याची शिकवणी लावलीय, तिथंही तो जातो. शिकवणीवाल्या ताई म्हणतात हुशार आहे. मग अडतंय कुठं?

त्या रविवारी घरी होतो म्हणून पुस्तक घेऊन बसलो. त्याला म्हटलं वाच. घडाघडा वाचलं. "द फार्मर प्लाउज हिज फील्ड." एक अक्षर चुकला नाही. माझी छाती फुगली. मग सहज विचारलं, प्लाउज म्हणजे काय रे? गप्प. फील्ड म्हणजे? "क्रिकेटचं ग्राउंड." म्हटलं, मग तो फार्मर ग्राउंडवर काय करतोय? तर म्हणतो, "माहीत नाही, टीचरनी एवढंच लर्न करायला सांगितलंय."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, एक ठेवून दिली. तो रडत आईच्या मशीनखाली जाऊन बसला. तासाभरानं मीच जवळ घेतलं आणि सांगितलं, अरे प्लाउ म्हणजे नांगर. तर डोळे पुसत म्हणतो, "मामाच्या ट्रॅक्टरच्या मागं असतो तो? त्याचा एक फाळ वाकला होता ना, दगड लागून? मामा त्याला शिव्या देत होता." आणि मग दहा मिनिटं तेच. फाळ काढून लोहाराकडं कसा नेला, बगळे नांगराच्या मागं मागं कसे चालतात, ढेकूळ हातात फोडलं की आत ओलं कसं लागतं. सगळं माहीत आहे त्याला! फक्त ते आणि पुस्तकातलं हे एकच आहे, हे त्याला ठाऊक नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. सगळे म्हणतात घरी वाचून दाखवा, पालकांनी वेळ द्या. मी वेळ देणार कुठून, मुक्कामाच्या गावाहून? इंग्रजी वाचून दाखवलं तर माझे उच्चार ऐकून तोच हसतो. मराठीत वाचलं तर शाळेत त्याचा काय उपयोग? बायकोला म्हटलं तू वाच, तर ती म्हणते मला मोठ्यानं वाचायची लाज वाटते, अडखळायला होतं, पोरगा काय म्हणेल.

कोणी आपल्या अनुभवातलं सांगितलं तर बरं होईल. पुस्तकी सल्ला नको.

---

स्पष्टच_बोलतो

राग मानू नका, पण हजारो रुपये फी भरून घरी मराठीतच वाचायचं होतं तर झेडपीच्या शाळेत का नाही घातलं? आईबापाला झेपत नाही ते माध्यम घ्यायचं आणि मग असं विचारत फिरायचं.

---

मुक्कामी_गाडी

बरोबर आहे तुमचं. साडूची पोरं त्या शाळेत जातात, लग्नकार्यात इंग्रजीत पोएम म्हणतात. आमचं गप्प बसलेलं बायकोला बघवेना, म्हणून घातलं. आता तिसरीत आहे, काढून घ्यायचा विचार नाही. आहे त्यात काय करता येईल ते विचारतोय.

---

चौथीच्या_बाई

दादा, मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तुमच्या त्या नांगराच्या गोष्टीत तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय. पोराला वाचता येतंय आणि जगातलंही भरपूर माहीत आहे. पण त्या दोन खोल्यांमधलं दार बंद आहे. ते दार शाळा उघडेल तेव्हा उघडेल, घरी मात्र ते फक्त बोलूनच उघडतं. तुम्ही त्या दिवशी दहा मिनिटांत उघडलंत. (चापटीशिवायही उघडलं असतं, हे म्हातारीचं म्हणणं म्हणून ऐका.)

आता मराठीचा उपयोग काय, ते सांगते. वाचनात दोन कामं असतात. अक्षरं जोडून उच्चार काढणं हे एक, आणि त्या उच्चारातून डोळ्यांपुढं चित्र उभं करणं हे दुसरं. पहिलं काम प्रत्येक भाषेला वेगळं शिकावं लागतं. दुसरं कुठल्याही भाषेत शिकलं तरी चालतं, ते वाया जात नाही. गोष्टीत पुढं काय होईल याचा अंदाज करणं, आधीचं लक्षात ठेवणं, हा माणूस असं का वागला असेल हे ताडणं, हे सगळं त्याला मराठीत आधी येईल, कारण त्याची आई त्याच्याशी मराठीत बोलते. इंग्रजी पुस्तकात नांगर भेटला की त्याला फक्त नवं नाव शिकायचं. नांगरच माहीत नसता तर नाव घेऊन काय करणार होता?

तुमचा मुलगा एकटा नाही, म्हणून एक आकडा देते. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते. गावोगाव घरी जाऊन मुलांना एक साधा कागद वाचायला देतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभरातल्या साधारण सत्तावीस मुलांनाच ती गोष्ट वाचता आली. बाकीची कुठं ना कुठं त्याआधीच थांबली. मी हाच कागद माझ्या वर्गात वापरायचे. तुम्हीही घरी मराठीत करून बघा, पोरगं कुठं थांबतंय ते पाच मिनिटांत कळतं. परीक्षा म्हणून करू नका मात्र.

आणि आता तुमच्या घरच्या बाईंबद्दल, कारण मला खरं त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

जुन्नरकडच्या एका वाडीत माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईला अक्षरओळख नव्हती, अंगठा लावायची. पण रोज संध्याकाळी वाल सोलायला बसली की मुलीला समोर बसवून म्हणायची, "वाच, मी ऐकते." एकदा मी हजेरीच्या कामाला त्यांच्या घरी गेले होते, ओट्यावर बसले. मुलगी वाचत होती, "आजीने पाठीचा डबा उघडला." आईनं मान वर न करता विचारलं, "पाठीचा डबा कसा असंल गं? नीट बघ." मुलीनं बोट ठेवून पुन्हा पाहिलं. "पिठाचा!" मी बीएड झालेली बाई तिथं बसले होते, आणि माझ्या आधी चूक धरली ती अंगठा लावणाऱ्या आईनं. तिला वेलांटी कुठली ते माहीत नव्हतं, पण आजीकडं कसला डबा असतो ते माहीत होतं. ती मुलगी चौथीत माझ्याकडं सगळ्यात सुरेख वाचायची. वेगानं नाही. समजून.

तेव्हा ताईंना सांगा, मोठ्यानं वाचायला नको. मशीन चालवता चालवता ऐका. मध्येच "मग?" म्हणा, "असं कसं?" म्हणा, "तू असतास तर काय केलं असतंस?" म्हणा. तो वाचेल, त्या ऐकतील. लाजायचं कारणच नाही, उलट आईला आपण काहीतरी सांगतोय याची पोराला ऐट येते.

सहीचं म्हणाल तर आम्ही शिक्षकही धुतल्या तांदळाचे नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं आमच्यासारख्या शाळांत व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. कागदावर किती छान! आणि मी काय करायचे? बैठकीला कोणी येत नाही म्हणून शिपायाच्या हाती वही देऊन घरोघर सह्या गोळा करायचे. पालक म्हणजे सही करणारा माणूस, ही सवय आम्हीच लावली. माझी भाची आता शिक्षिका आहे. ती सांगते, २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, आयांचे गट केलेत, घरी करायच्या गोष्टींची कार्डं देतात. भाजी निवडता निवडता, भांडी लावता लावता करायच्या. आयांना "अभ्यास घ्या" म्हटलं की त्या घाबरतात, "हे करा" म्हटलं की करतात.

वेळेचं काय करायचं ते मात्र मला सांगता येणार नाही, एसटीचं वेळापत्रक तुम्हालाच ठाऊक.

---

बाणेरची_आई

बाईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण मी नेमकी दुसऱ्या टोकाला होते. पुण्यात आयटीत आहे, इंग्रजी उत्तम, घरात दीडशे गोष्टीची पुस्तकं. मुलाचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं. सूर्यमालेचा प्रकल्प रात्री अकरा वाजता मी थर्माकोल कापून केला, शनीची कडी सोनेरी कागदाची, बाईसाहेबांना ए प्लस. मुलगा झोपला होता.

सहावीपर्यंत पहिल्या पाचात. सातवीत मी नव्या कामात अडकले आणि त्याचे मार्क असे कोसळले की शाळेतून फोन. बसून बघितलं तर प्रश्न समोर ठेवला की तो प्रश्नाकडं बघायचाच नाही, माझ्या तोंडाकडं बघायचा. वाचनाचंही तेच. मी पुस्तक वाचून दाखवायचे आणि प्रत्येक पानाला प्रश्न. "व्हॉट कलर इज द फॉक्स? हाऊ मेनी ट्रीज?" गोष्ट नव्हतीच ती, तोंडी परीक्षा होती. एकदा तो म्हणाला, "आई, तू वाचू नकोस, मी झोपतो."

गृहपाठातून हळूहळू अंग काढलं. ती चार महिने घरात भांडणंच भांडणं. वाचायचं मात्र सोडलं नाही, फक्त प्रश्न बंद केले आणि त्याला आवडेल तेच घेतलं. त्याला काय आवडावं, तर सापांची माहिती!

दादांसाठी एक उपयोगाचं सांगते. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' म्हणून संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. फुकट आहे. पुष्कळ गोष्टी मराठीत आणि इंग्रजीतही सापडतात, चित्रं तीच. आधी मराठीत वाचायची, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. गोष्ट माहीत असल्यामुळं इंग्रजी शब्दांचे अर्थ मुलं चित्रावरून पकडतात. तुमच्या नांगराचं जे झालं तेच, उलट दिशेनं.

उच्चारांवरून हसला तर हसू द्या. माझे उच्चार चांगले होते, त्यानं काय झालं?

---

ग्रंथपाल_क_वर्ग

मी तालुक्याच्या गावी वाचनालय चालवतो, क वर्ग, म्हणजे अनुदान किती ते विचारू नका. एवढंच सांगतो की १९६७च्या कायद्यानं चालणारी अशी वाचनालयं गावोगाव आहेत आणि बालविभागाच्या कपाटाला बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं, कारण मागणारं कोणी येत नाही. किल्ली मागा. आम्ही देतो. मुलाला बरोबर आणा आणि पुस्तक त्याला निवडू द्या, पातळ निवडलं तरी ओरडू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, आमच्याकडं जुने गठ्ठे आहेत. सगळ्यात जास्त फाटलेली पानं कोड्यांची.

---

मुक्कामी_गाडी

दीड महिन्यानं लिहितोय. धागा वर काढतोय म्हणून रागावू नका.

वाचनालयातून किशोरचे सहा जुने अंक आणले. वर्गणी महिन्याला एका चहा-वड्याएवढी. बाईंनी सांगितला तसला कागद मी हातानंच तयार केला, मराठीत. गोष्टीपर्यंत गेला, पण जोडाक्षराला अडतो. मराठी त्याला शाळेत आठवड्यातून थोडंच असतं.

बायकोनं पहिले चार दिवस काही केलं नाही. पाचव्या दिवशी पिको करताना तो वाचत होता, तिला शिलाईत लक्ष घालायचं होतं, म्हणून ती नुसतं "हं, मग?" म्हणाली. त्यानं ते मनावर घेतलं. आता आईनं "मग?" म्हटलं नाही तर थांबतो आणि तिच्याकडं बघतो. परवा कोल्हा "वनात" राहतो ते त्यानं "वानात" वाचलं, तर ती म्हणते, "हळदीकुंकवाला आलाय का कोल्हा, वाण घ्यायला?" दोघं हसत बसले. मला फोनवर सांगितलं तिनं. बाई, तुमच्या पिठाच्या डब्याची आठवण झाली.

माझं असं ठरलंय. मुक्कामाच्या गावात मोबाईलची रेंज फक्त ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येते. हिशोब झाला, वे-बिल (तिकिटांच्या हिशोबाचा कागद) पूर्ण केलं, डबा खाल्ला, की साडेआठला ओट्यावर जातो. एक अंक माझ्या बॅगेत, तिकिटाच्या मशीनशेजारी. फोनवर दोन पानं वाचतो. पहिल्या दिवशी पोरगं म्हणालं, "पप्पा, तुम्ही स्टॉप ओरडता तसं वाचताय." खरंच आहे हो, पंधरा वर्षं गावांची नावं ओरडून आवाज तसाच झालाय. राजा, प्रधान, सगळे दारात उतरायला उभे असल्यासारखे. आता जरा सावकाश वाचतो. ड्रायव्हरसाहेब शेजारी बसून तंबाखू मळत ऐकतात. मध्ये रेंज गेली की "कुठपर्यंत ऐकलंस?" विचारतो, तो जिथपर्यंत ऐकलं ते सांगतो. त्यातच कळतं त्याला काय समजलंय ते. कधी कधी भलतंच सांगतो, बरं वाटावं म्हणून.

इंग्रजीचं ते दोन भाषांचं पण चालू केलंय, घरी असेन तेव्हा. तिथं तो मास्तर, मी विद्यार्थी. माझ्या चुका काढायला त्याला फार गोड वाटतं.

एक गोष्ट मात्र ठरवून केली नव्हती. सुट्टीच्या दिवशी जुनं वे-बिल पडलं होतं, ते घेऊन बसला. त्याला सांगितलं, आपलं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. पाच ते बारा वर्षांच्या पोराला अर्धं तिकीट. बायकांना २०२३च्या मार्चपासून अर्धं, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना फुकट. तर आता घरातल्या खुर्च्या लावून गाडी भरतो. आजीला फुकट, आईला अर्धं, स्वतःला अर्धं, मी पूर्ण. मी म्हटलं, मी स्टाफ आहे. म्हणाला, "पास दाखवा." आठाचा पाढा येत नव्हता त्याला, पण चार पूर्ण, तीन अर्धी यांचा हिशोब तोंडी करतो. शाळेच्या वहीत हाच हिशोब मांडला की परत अडतो. तिथं गाडी नसते ना.

मार्कांचं विचाराल, तर चाचणीत इंग्रजीत वीसपैकी अकरा. मागच्या वेळीही अकराच होते. वाईट वाटलं, खोटं नाही बोलणार. पण त्यानं आपण होऊन पेपर दाखवला आणि म्हणाला, "हा प्रश्न मला कळलाच नाही." आधी कधी असं म्हणायचा नाही. सगळं येतं म्हणायचा.

पुढच्या शनिवारी पुन्हा पालक सभा आहे. बाई, तिथं गेल्यावर मी काय विचारू? मागच्या वेळी नुसता मान खाली घालून आलो.

---

चौथीच्या_बाई

अकराचे अकराच राहिले तरी घाबरू नका, दीड महिना म्हणजे काहीच नाही. चाचणीचा पेपर बरोबर घेऊन जा.

किती मार्क ते विचारू नका, ते कागदावर आहेतच. विचारा की वर्गात तो प्रश्न विचारतो का. कोणाशेजारी बसतो. वाचायला उभा राहिला की कुठं अडतो, उच्चाराला की अर्थाला. आणि पुढच्या महिन्यात कुठला धडा येणार आहे. त्यात नदी असली तर तुम्ही त्याला आधीच प्रवरेकाठी घेऊन जा, बाजार असला तर बाजारात. धडा वर्गात येईल तेव्हा त्याच्याकडं सांगायला काहीतरी असेल. शिक्षिकांना हे सगळं दटावून नको, साधं विचारा. एका वर्गात पन्नास पोरं असली तर त्यांनाही पटकन सांगता येणार नाही. मग म्हणा, पुढच्या वेळी सांगितलंत तरी चालेल.

आणि त्यांना ते नांगराचं सांगा. तुम्ही इथं लिहिलंत तसंच.

---

मुक्कामी_गाडी

ड्यूटी बदलून मिळाली. तुमचे प्रश्न तिकिटाच्या रोलच्या मागं लिहून घेतलेत. रविवारी कळवतो काय झालं ते.